हिरोच्या शेजारचं माणूस

(१९९५ च्या दहावी 'ब' तुकडीच्या स्नेहमेळाव्यात दुपारी केलेलं भाषण. घाईत सुटलेले एक-दोन तपशील लिहून काढताना घातले आहेत.)



संयोजकांनी बोलायला सांगताना तीन अटी घातल्या होत्या. पगार, मुलांचे मार्क आणि स्वतःचे गुडघे, या विषयांवर बोलायचं नाही. त्यामुळे आपल्यातल्या बऱ्याच जणांची पंचाईत झालेली सकाळपासून दिसतेच आहे. मी मात्र विषय घरूनच ठरवून आले. टीव्हीवरची माझी आवडती पात्रं. मागून कोणीतरी हसलं, ते मला ऐकू आलं. हसा. पण पंधरा मिनिटं माझी आहेत.

विषय सुचला तो मुलीमुळे. ती सतरा वर्षांची आहे. मागच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघी फराळाचे डबे घेऊन जुन्या मालिका बघत बसलो होतो. तिने विचारलं, "आई, तुला आजवर सगळ्यात जास्त कोण आवडलं? एकेक सांग." मी सांगत गेले, ती मोबाइलवर लिहीत गेली. यादी झाली आणि ती म्हणाली, "यात एकही हिरो नाही. सगळे साइडचे आहेत."

मला ते लागलं. पण खोटं नव्हतं.

यादी तुम्हालाही सांगते, कारण निम्मी तुमच्याबरोबरच पाहिलेली आहे. पहिली 'करमचंद'मधली किटी. मालिका १९८५ ची, म्हणजे आपण तेव्हा पहिलीच्या आसपास. आमच्या वाड्यात टीव्ही एकच, मालकांच्या घरी. एकजण गच्चीवर ॲन्टेना फिरवायचा, एकजण खिडकीत उभा राहून "आलं, आलं... गेलं!" असं ओरडायचा आणि आम्ही दहा-बारा पोरं सतरंजीवर. पंकज कपूर गाजर खात खुनी शोधायचा. मुलगे मंडईतून गाजरं आणून करमचंद व्हायचे. मला किटी व्हायचं असायचं. सुश्मिता मुखर्जीची ती किटी सरांना जीनियस म्हणायची आणि बदल्यात "शट अप, किटी" ऐकून घ्यायची. मला फार समजत नव्हतं, पण तिच्याकडे बघत राहावंसं वाटायचं.

आता मुलगी म्हणून मला कोण आवडायला हवं होतं, तर 'रजनी'. प्रिया तेंडुलकर पदर खोचून गॅसवाल्यांना आणि टॅक्सीवाल्यांना जाब विचारायची. किंवा 'उडान'मधली कल्याणी सिंग. ती मालिका १९८९ ची. लिहिली आणि दिग्दर्शित केली कविता चौधरींनी, कल्याणीही त्याच झाल्या, आणि गोष्ट त्यांच्या बहिणीच्या, कांचन चौधरी भट्टाचार्य यांच्या, आयुष्यावर बेतलेली होती. त्याच कांचन चौधरी पुढे २००४ साली उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या. त्या पदावर पोहोचलेल्या देशातल्या पहिल्या महिला. आपल्या वर्गातल्या निम्म्या मुलींनी निबंधात 'मला आयपीएस व्हायचे आहे' असं लिहिलं होतं. मीही लिहिलं, बाईंकडून सहा मार्क घेतले. पण कल्याणीबद्दल मला आदर वाटायचा. जीव जडला तो वेगळ्याच माणसांवर.

नववीत आला 'ब्योमकेश बक्षी'. बासू चटर्जींची मालिका, १९९३. रजित कपूर ब्योमकेश आणि के. के. रैना अजित. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत पिंपळाखाली चर्चा व्हायची. तुमच्यापैकी प्रत्येकाने खुनी आधीच ओळखलेला असायचा. मी मात्र अजितविषयी बोलायला गेले की कोणाला रस नसायचा. अजित लेखक आहे. पहिल्याच गोष्टीत ब्योमकेश खोटं नाव घेऊन कलकत्त्याच्या एका मेसमध्ये राहायला येतो, तिथे जागा नसते, तेव्हा अजित त्याला आपल्या खोलीत घेतो. मग कायमचा त्याच्या सोबत राहतो. शरदिंदु बंद्योपाध्यायांच्या मूळ बंगाली कथांत बहुतेक वेळा गोष्ट सांगणाराही अजितच आहे.

इंजिनिअरिंगला असताना केबलवर 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन' बघायचो. होस्टेलवर सगळ्यांना डेटा हा यंत्रमानव आवडायचा. मला त्याचा मित्र जॉर्डी, जहाजाचा मुख्य इंजिनिअर. जन्मापासून आंधळा, डोळ्यांवर पट्टीसारखं यंत्र लावून बघणारा. नोकरीसाठी अमेरिकेत गेले तेव्हा 'मंक' लागायची. डिटेक्टिव्ह मंकला सगळ्या गोष्टींची भीती, जंतूंची तर फारच. त्याला हात पुसायला कागद देणाऱ्या दोघी, आधी शरोना, मग नॅटली. मला त्या दोघी आवडल्या. 'हाऊस' या डॉक्टरांच्या मालिकेत सगळे हाऊसवर फिदा, मी त्याचा एकुलता एक मित्र डॉक्टर विल्सनवर. 'सीआयडी'त एसीपी प्रद्युम्न सोडून दया. आणि वॉटसन तर कुठल्याही काळातला, कुठल्याही नटाने केलेला.

माझ्या आईचंही असंच. मुंबई दूरदर्शनवर 'चिमणराव-गुंड्याभाऊ' लागायचं तेव्हा माझा जन्म नव्हता. पण दिलीप प्रभावळकरांच्या चिमणरावाचं सगळं जग कौतुक करत असताना ती बाळ कर्व्यांच्या गुंड्याभाऊबद्दल सांगायची. म्हणजे हा दोष घराण्यातला आहे.

आमच्या धंद्यात एखादी गडबड पुन्हापुन्हा दिसली की तक्ता मांडतात. मी मांडला. आडव्या ओळींत पात्रं, उभ्या रकान्यांत गुण. हुशारी, शौर्य, विनोद, निष्ठा वगैरे. हुशारीत मेळ बसेना. किटी आणि विल्सन एका रांगेत उभे राहीनात. निष्ठेचा रकाना बराच भरला, पण नॅटली मंकवर चिडते, पगार मागते, विल्सन हाऊसशी भांडतो. शेवटी एक रकाना असा निघाला की जवळजवळ सगळीकडे बरोबर अशी खूण आली. तो रकाना होता, 'प्रश्न विचारतो का?'

ब्योमकेशला उत्तर कळलेलं असतं. अजित विचारतो, "पण तुला हे कळलं कसं?" म्हणून ते आपल्याला कळतं. हाऊसला तर बऱ्याचदा विल्सनशी भलत्याच विषयावर बोलता बोलता आजाराचं उत्तर सापडतं. बोलणं अर्धवट टाकून तो निघून जातो आणि विल्सन तिथेच बसलेला. एकटा दयाच या रकान्यात बसेना. पण दया प्रश्न विचारत नाही, दार तोडतो. त्याला अपवाद धरला.

जॉर्डीचा एक भाग तर पुन्हापुन्हा पाहिला आहे. १९८८ चा. कृत्रिम दृश्य उभं करणाऱ्या खोलीत डेटा होम्स होतो आणि जॉर्डी वॉटसन. डेटाला सगळ्या होम्सकथा पाठ. गोष्ट सुरू व्हायच्या आत तो उत्तर सांगून मोकळा. जॉर्डी वैतागून खेळ टाकून निघून जातो. सगळंच आधी माहीत असेल तर वॉटसनने करायचं काय? मग नवीन कोडं हवं म्हणून तो संगणकाला सांगतो, डेटाला हरवील असा प्रतिस्पर्धी तयार कर. म्हणायचं होतं होम्सला, तोंडातून गेलं डेटाला. संगणकाने सांगितलं तसं केलं आणि मोरिआर्टी नावाचं पात्र खरोखर शहाणं होऊन साऱ्या जहाजाच्या मुळावर उठलं. आमच्याकडे नवीन मुलं आली की मी त्यांना हा भाग दाखवते. मागणी लिहिताना एक शब्द चुकला की काय होतं, याचा इतका चांगला धडा मला मिळालेला नाही.

तर रकाना सापडला तेव्हा मी फार खूश झाले. मुलीला ऐटीत सांगितलं की साइडचे म्हणू नकोस, यांच्याशिवाय गोष्ट चालत नाही. शिवाय मला स्वतःचंही कोडं सुटल्यासारखं वाटलं. तुम्हा सगळ्यांना आठवत असेल, पाचवीपासून वर्गात दुसरा नंबर माझा. पहिला कोणाचा, तेही आठवत असेल. ती माझ्याच बाकावर बसायची. गणित ती सोडवायची, मी विचारायचे, "हे इथे कसं आलं?" ती समजावून सांगायची आणि सांगता सांगता अधूनमधून स्वतःची चूक स्वतःच पकडायची. गणिताच्या सरांनी आम्हाला कधी वेगळं बसवलं नाही, ते बहुधा यासाठीच. नोकरीतही मी तीच राहिले. आमच्यात एका यंत्रासमोर दोघांनी बसून काम करायची पद्धत आहे. टाइप करणाऱ्याला ड्रायव्हर म्हणतात, शेजारी बसून बघणाऱ्याला नॅव्हिगेटर. मी पंचवीस वर्षांतली बरीचशी शेजारच्या खुर्चीत काढली आहेत, आणि मला ती आवडते.

इथे भाषण संपलं असतं तर बरं झालं असतं. पण मुलीशी वाद घालायला मी वॉटसनबद्दल आणखी वाचत गेले आणि एक नियम समोर आला. रोनाल्ड नॉक्स नावाचे इंग्रज धर्मगुरू रहस्यकथा लिहायचे. १९२९ मध्ये त्यांनी रहस्यकथेचे दहा नियम केले, थोडे गमतीत, थोडे मनापासून. नववा नियम वॉटसनसाठी आहे. नायकाच्या मित्राच्या मनात जे काही येईल ते त्याने वाचकापासून लपवायचं नाही. त्याची अक्कल सामान्य वाचकापेक्षा अगदी थोडी कमी असावी, पण मनात आलेलं सांगितलंच पाहिजे.

हे वाचलं आणि मला दोन दिवस आठवले. आधी अलीकडचा सांगते.

फेब्रुवारी २०१६. लीप वर्ष. एका मोठ्या ग्राहकाच्या पगाराच्या प्रणालीत बदल करायचा होता. ड्रायव्हर होता आमच्यातला सगळ्यात तल्लख मुलगा, शेजारी मी. रात्री दीड वाजता मला एका कोष्टकात फेब्रुवारीसमोर अठ्ठावीस लिहिलेलं दिसलं. मनात आलं, एकोणतिसावा दिवस कुठे गेला? लगेच दुसरा विचार आला, हा इतका हुशार आहे, त्याने दुसरीकडे सांभाळलं असेल. रात्र झाली होती, तो झपाट्याने पुढे चालला होता. मी विचारलं नाही. एकोणतीस तारखेला सोमवार होता, कामाचा दिवस. कंत्राटी कामगारांचा त्या दिवसाचा रोज हिशेबातच आला नाही. चूक दुरुस्त करून पैसे पोचेपर्यंत आठवडा गेला. त्या मुलाला बोलणी बसली. मला कोणी काही म्हणालं नाही, कारण शेजारच्या खुर्चीत बसणाऱ्याने काय पाहिलं, हे कोणालाच माहीत नसतं.

दुसरा दिवस दहावीतला. बुधवार होता.

सहामाहीनंतर माझी ती बाकावरची मैत्रीण मधल्या सुट्टीत डबा काढेनाशी झाली. आधी सोमवारी. "उपास आहे, महादेवाचा." मग गुरुवारी दत्ताचा. मग शनिवारी मारुतीचा. उपासाला खिचडी नाही, केळं नाही, ती नळावर जाऊन पाणी पिऊन यायची. तिच्या वह्याही जुन्या वह्यांची कोरी पानं शिवून केलेल्या असायच्या. मला सगळं दिसत होतं. शेजारीच तर बसायचे. एका बुधवारी ती म्हणाली, "उपास आहे." माझ्या अगदी ओठावर आलं, बुधवारचा कसला गं उपास? मी ते गिळलं. माझा डबा उघडला, पोळीभाजी खाल्ली. ती पहिल्या नंबरची होती. तिला नको ते विचारून अवघडवायचं कशाला, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे उत्तर आलं तर पुढे काय करायचं, हे मला माहीत नव्हतं.

जानेवारीत ती यायची बंद झाली. बोर्डाला बसली नाही. मार्चमध्ये निकालाच्या आधीच सगळे म्हणत होते की आता पहिला नंबर माझा, आणि तो आला. त्या निकालाचे पेढे आईने वाड्यात वाटले. तिच्या घरी द्यायला आम्ही गेलो नाही.

या मेळाव्यासाठी जुने फोन नंबर शोधायचं काम आम्हा चौघांकडे होतं. तिचा नंबर माझ्या वाट्याला आला. आलाच म्हणा, मी मागून घेतला. तीस वर्षांनी आवाज ऐकला. पहिली दहा मिनिटं कोण कुठे, मुलं काय करतात, हेच झालं. तिने पुढे बाहेरून परीक्षा देऊन दहावी केली, मग बारावी, मग नर्सिंग, आणि आज ती एका ग्रामीण रुग्णालयात सिस्टर आहे. हे तिने सांगितलं एका दमात, तक्रार न करता. मग मी विचारलं. म्हटलं, "त्या वर्षी काय झालं होतं गं?"

ती जरा थांबली. वडिलांचं काम सुटलं होतं, घरात धान्य नव्हतं, धाकट्या दोघांना आधी द्यावं लागायचं. हे सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "मी बुधवारचा उपास सांगितला होता, आठवतं? मुद्दाम सांगितला होता. म्हटलं, तुला संशय येईल. तू प्रत्येक गोष्टीवर 'हे कसं आलं' म्हणून विचारायचीस. हे तर विचारशील."

यावर मला काही बोलता आलं नाही. फोनवर बराच वेळ दोन्हीकडे शांतता होती. मग तीच म्हणाली, "अगं, आपण चौदा-पंधरा वर्षांच्या होतो." ती आजही समजावून सांगते, तशीच.

मी तो तक्ता पुन्हा उघडला. मला वाटलं होतं, मला ही माणसं आवडतात कारण मी त्यांच्यासारखी आहे. आता वाटतं, निम्मी आवडली ती मला जे जमलं नाही ते त्यांना जमतं म्हणून. अजितला ब्योमकेशची भीड वाटत नाही. नॅटली मंकला तोंडावर सांगते. विल्सन हाऊसला नको असलेले प्रश्नच नेमके विचारतो, शिव्या खातो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारतो. किटीसुद्धा "शट अप" ऐकून गप्प बसत नाही, पुढच्या प्रसंगात पुन्हा काहीतरी विचारतेच. सहा वर्षांची असताना मी तिच्याकडे का बघत राहायचे, याचं उत्तर कदाचित तिथे असेल.

माझ्या मुलीला मी हे सगळं सांगितलं. ती नेहमीसारखी काहीतरी खवचट बोलेल असं वाटलं होतं. तिने विचारलं, "मग आता तू ऑफिसमध्ये विचारतेस का?" हो, विचारते. मूर्खासारखे प्रश्नही विचारते. २०१६ पासून कोणाच्याही शेजारी बसले की आधी सांगून ठेवते की मी मध्येच बोलणार. तरुण मुलं वैतागतात. दहातल्या नऊ वेळा माझी शंका फुकट जाते. दहाव्या वेळेसाठी त्यांनी मला ठेवली आहे.

सर, बाई, तुमच्यापैकी काही जणांना तेव्हा माहीत होतं का, हे मी आज विचारणार नाही. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात एका मुलीचा डबा दिसणं सोपं नाही. तो सगळ्यात जवळून दिसत होता मला.

तुम्ही आता वळून बघणार, म्हणून आधीच सांगते. हे बोलायची परवानगी मी तिच्याकडून घेतली आहे. नाव घेऊ नकोस, एवढंच ती म्हणाली, आणि वर म्हणाली, "सगळ्यांना कळणारच आहे." तिसऱ्या रांगेत, खिडकीशेजारी बसली आहे. तिच्या शेजारची खुर्ची मी सकाळीच पर्स ठेवून अडवली आहे.

संयोजक घड्याळ दाखवताहेत. खाली पंगत तयार आहे, पुरणपोळीचा वास इथपर्यंत येतोय. मी माझ्या जागेवर जाते. आज कुठलाही उपास नाही, मी कालनिर्णय बघून आले आहे.